रघोजीअण्णांचा डावा डोळा

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत मराठी मंडळींचं एक लहानसं राममंदिर आहे. गाणाऱ्याच्या गळ्यात भाव आहे की नाही, हे ठरवण्याचं एक यंत्र त्या मंदिरात गेली चौदा वर्षं बसवलेलं होतं. यंत्राला वीज लागत नसे, तेलपाणी लागत नसे. पहिल्या रांगेत मधोमध हातांची खुर्ची, खुर्चीवर उशी आणि खांद्यावर टाकायला एक धुतलेला तुंडू, म्हणजे आपला पंचा, एवढं दिलं की काम सुरू. यंत्राचं नाव रघोजीराव. सगळी गल्ली त्यांना रघोजीअण्णा म्हणे.

रघोजीअण्णांनी उभी हयात पापनाशमच्या निबंधक कचेरीत लोकांच्या जमिनींच्या दस्तांवर शिक्के मारण्यात घालवली होती. संगीताशी त्यांचा संबंध म्हणजे कचेरीसमोरच्या चहाच्या दुकानातला रेडिओ, आणि तोही दुकानदार बंद करेपर्यंत. निवृत्त होऊन तंजावूरला आले, घरात बसवेना, म्हणून रामनवमीच्या उत्सवात येऊन बसले. त्या दिवशी चंद्रमतीबाई गात होत्या. गाणं रंगात आलं न आलं तोच रघोजीअण्णांच्या डाव्या डोळ्यातून धार लागली. गालावरून हनुवटीवर, हनुवटीवरून सदऱ्यावर.

उत्सव समितीचे चिटणीस चिदंबरराव यांनी ती धार पाहिली. चिदंबररावांना स्वतःला सूर कळत नसे, पण कळणारा माणूस कोण हे कळतं असं त्यांना वाटे, आणि हा रोग जास्त वाईट. "पाहा! हे भावम्! ह्यास रसिक म्हणावें!" असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी अण्णांना हार घातला, तिसऱ्या दिवशी खुर्ची दिली. चौथ्या दिवसापासून प्रत्येक गाणाऱ्याचा कार्यक्रम संपला की चिदंबरराव अण्णांच्या गालाकडे पाहून वहीत दोन शब्द लिहू लागले. धार लागली असेल तर 'भावम् आहे', नसेल तर 'भावम् नाही'.

अण्णांची बाजूही सांगायला हवी. ते लबाड नव्हते. डोळा भरून येतो आहे हे त्यांनाही नवलच होतं. पण इतकी शहाणी माणसं रसिक म्हणताहेत म्हटल्यावर आपण कशाला नाही म्हणायचं? आपल्या आत काहीतरी थोर दडलेलं होतं आणि कचेरीने ते चाळीस वर्षं दाबून ठेवलं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. असं आपल्याबद्दल मानायला फारसे कष्ट पडत नाहीत.

ह्या यंत्राने जिला चौदा वर्षं नापास केलं, तिचं नाव वत्सला.

वत्सला मुलींच्या शाळेत संगीत शिकवी. वय सत्तावन्न, पाठ ताठ, आवाज स्वच्छ, आणि गाताना चेहरा टपालकचेरीच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईसारखा. तिच्या स्वरात कुठे केसाएवढी खोट निघत नसे. पण हात हलायचे नाहीत, भुवया चढायच्या नाहीत, डोळे सताड उघडे. चिदंबररावांनी तिच्या गाण्याला एक नाव ठेवलं होतं: गणित. "वत्सला अक्कांचं गणित चुकत नाहीं," ते सगळ्यांदेखत म्हणत, आणि ही स्तुतीच आहे असं दाखवत.

गणित म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, वत्सलेला त्याचं काही वाटलं नसतं. तिला खरी टोचणी होती ती पाळण्याची.

नवमीच्या दिवशी बारा वाजता रामजन्म होतो. चांदीचा छोटा पाळणा टांगतात, त्यात मूर्ती निजवतात, आणि एक बाई दोरी ओढत पाळणा म्हणते. हा मान वत्सलेच्या आईचा, वेंकूबाईंचा. त्यांच्या पाळण्याची चाल त्यांच्या आईकडून आलेली, तिला तिच्या आईकडून. कुठे लिहिलेली नाही, कोणी ध्वनिमुद्रित केलेली नाही. पाच-सहा स्वर, त्यांच्यातच ये-जा, आणि 'हळू' ह्या शब्दानंतर एक थांबा, पाळणा पलीकडे जाऊन परत येईपर्यंतचा.

हळू ओढा गे दोरी, बाळ आतांच निजलें
कावेरीच्या कांठीं कोणीं दार गे वाजविलें

वेंकूबाई वारल्या ते वर्ष सुतकाचं. वर्षाच्या आत जन्माच्या उत्सवात गाऊ नये, म्हणून वत्सला गप्प बसली आणि एका वर्षापुरता पाळणा चंद्रमतीबाईंकडे गेला. नेमकं तेच वर्ष अण्णांच्या डोळ्याचं. पाळण्यालाही धार लागली. मग काय! एका वर्षापुरती आलेली पाहुणी घराची मालकीण झाली. पुढल्या वर्षी वत्सलेने विचारलं तेव्हा चिदंबरराव म्हणाले, "अक्का, रामाचा जन्म आहे. तेथें भावम् हवें कीं नको?"

चंद्रमतीबाईंकडे भावम् होतं, आणि ते भरपूर होतं. त्या पाळणा म्हणायला बसल्या की आधी एक हुंदका, मग पहिली ओळ. चाल त्यांची स्वतःची, कुठल्याशा सिनेमातल्या विरहगीताच्या जवळची. 'बाळ' म्हणताना आवाज फाटायचा, 'निजलें' म्हणताना हात छतापर्यंत जायचा. पाळण्यात खरंच कोणी तान्हं असतं तर दचकून उठून त्याने गल्ली डोक्यावर घेतली असती. पण राम पंचधातूचा होता, त्याने चौदा वर्षं सोसलं.

वेंकूबाईंनी वत्सलेला पाळणा शिकवला होता तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिने आपल्या मनाने थोडा गळा दाटवून म्हणून दाखवला. आईने सुपारी कातरता कातरता मान वर केली. "कशास रडतेस? बाळ निजावें म्हणून म्हणतात पाळणा. तूं रडलीस तर तें उठेल." एवढंच. तेवढं वत्सला विसरली नाही. आता ती चाल एकट्या तिलाच येत होती. शाळेतल्या मुलींना शिकवू पाहिलं तर त्या म्हणत, "टीचर, चंद्रमती मामीचा शिकवा. त्याच्यात फीलिंग आहे." आपण गेलो की आईची चाल आपल्याबरोबर सरणावर चढणार, हे वत्सलेला दिसत होतं. मंदिरात, त्या पाळण्याशी, चारचौघांच्या कानावर ती एकदा तरी जावी, एवढंच तिला हवं होतं.

त्यासाठी तिने काय केलं नाही? तिरुवैयारूला भाव शिकवायचं शिबिर भरलं तर तिथेही जाऊन आली. चेन्नईहून एक रेशमी कुडत्यातला तरुण आला होता. त्याने दोन दिवसांत नऊ रस आटोपले. करुण म्हणजे भुवया वर आणि उजवा हात छातीपासून वीतभर पुढे. भक्ती म्हणजे डोळे मिटून मान डावीकडे. विरहाला खालचा ओठ. वत्सलेने सगळं वहीत उतरवून घेतलं, आरशासमोर आठवडाभर घोकलं, आणि एके दिवशी वर्गात करुण करून दाखवला. पहिल्या रांगेतल्या अखिलाने काळजीने विचारलं, "टीचर, दात दुखतो कां?"

त्या दिवशी वही कपाटात गेली ती गेलीच.

आणि मग गेल्या वर्षी, सातव्या दिवशी, वत्सलेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चिदंबरराव आभार मानत होते. मांडववाल्याचे आभार, पाण्याचे ड्रम देणाऱ्याचे आभार, चपला सांभाळणाऱ्याचे आभार. त्या भाषणात भाव शोधायचा म्हणजे पाणी घुसळून लोणी काढण्यासारखं होतं. वत्सलेची नजर सहज रघोजीअण्णांकडे गेली. डाव्या डोळ्यातून धार लागली होती. उजवा डोळा ठणठणीत कोरडा. आणि अण्णांच्या समोर, दोन हातांवर, मणीचा उभा पंखा भरधाव फिरत होता.

मणी म्हणजे माईकवाला. त्याचा पंखा रोज संध्याकाळी सहाला यायचा, मुख्य कार्यक्रमासाठी; नवमीला तेवढा पाळण्यासाठी सकाळपासून. चंद्रमतीबाई नेहमी सहानंतर. वत्सलेला 'गणित' म्हणून साडेचारची वेळ, उन्हाची, बिनपंख्याची. पंखा नाही म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून भावम् नाही, भावम् नाही म्हणून साडेचार, आणि साडेचार म्हणून पंखा नाही. चौदा वर्षं हे चक्र गरगर फिरत होतं आणि वत्सला बिचारी आरशासमोर ओठ पुढे काढत होती! ती घरी आली आणि आईच्या फोटोसमोर बसून आधी पोट धरून हसली, मग चिडली, मग वर्षभर गप्प राहिली.

ह्या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी तिने मणीला घरी बोलावून पितळेच्या डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, फेसाळ फिल्टर काप्पी दिली.

"मणी, उद्यां माझं गाणं. तुझा पंखा चारास आण कीं."

"एवढंच ना टीचर? दोन आणतो," मणी म्हणाला.

दोन नको, एकच, आणि तो अण्णांच्या डावीकडे, असं तिने त्याला दोनदा सांगितलं. सत्तावन्नाव्या वर्षी आपण हे काय करतो आहोत, असं तिच्या मनात आलं. पण पाळणा डोळ्यांसमोर आला आणि तिने ते मनातच दाबलं.

पाडव्याला साडेचारला वत्सला गायला बसली. पंखा सुरू झाला. अण्णांच्या खांद्यावरचा तुंडू फडफडू लागला, डोक्यावरचे उरलेसुरले केस उभे राहिले. वत्सलेने आलाप घेतला आणि उघड्या डोळ्यांनी त्यांच्या डाव्या डोळ्याकडे पाहत राहिली. दहा मिनिटं गेली. वीस गेली. डोळा कोरडा. मे महिन्यातली कावेरी बरी, तिच्यात निदान डबकी तरी असतात. पाहण्याच्या नादात तिचा एक स्वर घसरला. चौदा वर्षांत पहिल्यांदा गणितही चुकलं. चिदंबररावांनी वहीत दोन शब्द लिहिले.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. वत्सला घरी आली ती शरमेने. वेंकूबाईंची मुलगी पंख्याच्या वाऱ्यावर गाणं लावून बसली होती, आणि वर बेसूर झाली होती. त्या संध्याकाळी तिने जेवण केलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी जो गायला तोही कोरडा गेला. तिसऱ्या दिवशीचा कोरडा. पाचव्या दिवशी एका वयस्क गवयाने अर्धा तास केवळ विरहच आळवला. अण्णा मान डोलावत राहिले, गाल सुका. मंडळींमध्ये कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे, ह्या वर्षी गाणाऱ्यांचा दर्जाच खालावला. कोणी म्हणे, कलियुग. आठव्या दिवशी चंद्रमतीबाई बसल्या. हुंदका झाला, हात छताला लागला, स्वतः त्यांचे डोळे घळाघळा वाहू लागले. पंखा भरधाव. आणि अण्णा त्यांच्याकडे अगदी अजीजीने, अपराधी चेहऱ्याने, कोरड्या डोळ्यांनी पाहत होते. शेवटी त्यांनी हळूच बोट घालून डोळा चोळूनही पाहिला. बाईंनी ते पाहिलं. गाणं अर्ध्यात सोडून त्या उठल्या.

"मजला मुद्दाम हिणवतां होय, अण्णा?" म्हणाल्या, आणि मंदिराच्या पायऱ्या उतरून गेल्या.

समितीची तातडीची बैठक मंदिराच्या ओसरीवर बसली. वत्सलाही खांबाशी होती. अण्णांनी मान खाली घालून सांगितलं की मासी महिन्यात, म्हणजे फाल्गुनाच्या सुमारास, डोळा सुजला होता, मुलगा तिरुचीला घेऊन गेला, तिथे लहानसं ऑपरेशन झालं. डोळ्यातून नाकात पाणी उतरायची वाट बुजली होती, ती डॉक्टरांनी मोकळी केली.

वत्सलेला राहवेना. "चिदंबरराव, मग झालं कीं! वाट बुजली होती म्हणून पाणी गालावर यायचें. पंख्याच्या वाऱ्यानें आणखीन यायचें. गेल्या वर्षी तुमच्या आभाराच्या भाषणासहि आलें होतें. भावम् नव्हेच तें."

सत्य इतकं उघड्यावर पडलं होतं की कोणीतरी वाकून उचलायला हरकत नव्हती. चिदंबररावांनी वत्सलेकडे दयेने पाहिलं.

"अक्का, आपल्या गाण्यास पाणी आलें नाहीं म्हणून असें बोलूं नये." मग ते अण्णांकडे वळले आणि त्यांचा आवाज रडवेला झाला. "अण्णा, ऑपरेशनच्या आधीं डॉक्टरांस सांगायचें नाहीं कां, कीं मी रसिक आहें म्हणून? भावम् सगळें नाकांत सोडून दिलें कीं त्यानें!"

सगळ्यांनी माना हलवल्या. एकाने तर दुसरं ऑपरेशन करून वाट पुन्हा बुजवता येते का, अशीही चौकशी केली. वत्सलेने कपाळाला हात लावला आणि घरी गेली. नाचता येईना अंगण वाकडं, असंच तिच्याबद्दल सगळे म्हणणार हे तिला ठाऊक होतं. अण्णांचा चेहरा मात्र तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. ती बोलली तेव्हा बाकीचे तिच्यावर चिडले होते. अण्णा एकटेच तिच्याकडे असे पाहत राहिले होते की जणू ती खरं बोलते आहे हे त्यांना समजलं आहे.

नवमी उजाडली. अकराला वीज गेली. मणीचा माईक गेला, पंखा गेला, वरचे दिवे गेले. माणसं तुंडूने वारा घेत होती. पानकाच्या, म्हणजे गुळाच्या सरबताच्या, पातेल्याला घाम फुटला होता. साडेअकराला चंद्रमतीबाईंचा निरोप आला: घसा बसला आहे. काल कोणावर तरी ओरडताना तो चांगला उभा होता, असं निरोप आणणारीच म्हणाली.

पावणेबारा. पाळणा टांगलेला, दोरीला झेंडूची माळ, मूर्ती निजलेली, आणि म्हणणारं कोणी नाही. चिदंबररावांनी मंडपात चहूकडे पाहिलं. ज्यांच्या नावापुढे वहीत 'भावम् आहे' होतं त्यांतलं एकही माणूस आलं नव्हतं. मग नाइलाजाने, वरणात पडलेला खडा बाजूला काढावा तशा चेहऱ्याने, ते वत्सलेकडे आले.

"अक्का, तुम्हीच म्हणा. भावम् नसलें तरी चालेल. वेळ टळूं नये, इतकेंच."

वत्सलेच्या मनात एक चांगलं सणसणीत उत्तर तयार होतं. चौदा वर्षं ते मुरत घातलेलं होतं. पण घड्याळात बाराला पाच कमी होते आणि पाळण्याला वाट पाहायला लावणं बरं नव्हे. ती उठली, पाय धुऊन आली आणि पाळण्याशी जमिनीवर मांडी घालून बसली. तिने दोरी हातात घेतली. दोरी आईच्या वेळची नव्हती, नायलॉनची होती, बोटांना बोचत होती.

घंटा झाली. तिने पाळण्याला हलका झोका दिला आणि म्हणू लागली.

हळू...

पाळणा पलीकडे गेला, आला.

ओढा गे दोरी, बाळ आतांच निजलें.

माईक नव्हता म्हणून तिने आवाज वाढवला नाही. वाढवायचा नसतोच. ह्या वेळी ती कोणाच्या डोळ्याकडे पाहत नव्हती. समोर पाळणा होता, तो मध्येच तिरका जात होता, एवढ्याकडेच तिचं लक्ष. दुसऱ्या कडव्याला मागे बडबडणाऱ्या बायका गप्प झाल्या. तिसऱ्याला एका आईच्या मांडीवरचं किरकिरं पोर तोंडात अंगठा घालून झोपलं. चौथ्याला पानकाच्या पातेल्याशी बसलेली अलमेलु, जी उत्सवाचे नऊ दिवस उभ्याने काढते, भिंतीला टेकली आणि तिचेही डोळे मिटले. वत्सलेला आतून इतकं भरून आलं होतं की सांगता सोय नाही. आई जवळ बसून सुपारी कातरते आहे असं तिला वाटलं. पण तिने गळा दाटू दिला नाही. बाळ उठेल.

शेवटच्या कडव्याआधी खुर्ची करकरली. तिने अर्धी नजर वर केली. रघोजीअण्णा उठले होते. तुंडू तोंडावर धरून, एका मुलाच्या पायावर पाय देऊन, कोणाचं काही न ऐकता ते मागच्या दाराने निघून गेले. चिदंबररावांनी वत्सलेकडे असं पाहिलं, जणू शेवटचं कडवं तिने म्हटलं नाही तर बरं होईल. तिने म्हटलं. सगळं म्हटलं, शेवटचा थांबासुद्धा. मग दोरी सोडली.

आरती चालू झाली आणि ती मागे गेली. मंदिराच्या मागे नळ आहे, तिथे अण्णा वाकून तोंड धूत होते. नळ बंद करत, पंच्याने पुसत, आणि पुन्हा नळ सोडत. तिची चाहूल लागली तसे ते पाठ फिरवून उभे राहिले.

"डॉक्टर म्हणाले होते, कधीं कधीं पाणी येईल," ते म्हणाले.

वत्सला पुढे झाली. डावा डोळा नुसता ओलसर होता. पाणी वाहत होतं ते उजव्यातून.

"ऑपरेशन डाव्याचें झालें ना, अण्णा?"

अण्णांनी तुंडू खाली घेतला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, नाक लाल, ओठ थरथरताहेत, आणि ते थरथरणं कुठल्याही शिबिरात शिकवतात तसलं दिसत नव्हतं. पाहायला चांगलं नव्हतंच.

"कांहीं आठवलें नाहीं ग मजला," ते म्हणाले. "आई नाहीं, कोणी नाहीं. नुसती झोप येऊं लागली. लहानपणीं यायची तशी. आणि मग..." त्यांनी उजव्या डोळ्यावर मूठ दाबली. "चौदा वर्षें त्या खुर्चींत बसलों, वत्सला. लोक म्हणाले हें भावम्, मीहि म्हटलें असेल. हें असें असतें, मजला ठाऊकच नव्हतें."

चौदा वर्षं ह्या माणसाच्या गालावरचा एक थेंब तिने मागितला होता, आणि आता मिळाला तर तो पाहवेना. तिने नळ बंद केला आणि त्यांच्या हातातला ओला तुंडू घेऊन आपला कोरडा रुमाल दिला.

तेवढ्यात चिदंबरराव आले, काखेत वही. "अण्णा! गाणें चालूं असतां उठून गेलांत! असें कधीं झालें नाहीं. इतकें बिघडलें कां?"

अण्णांनी रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. खरं सांगितलं तर खुर्ची गेली, उशी गेली, चौदा वर्षं गेली. हे त्यांना कळत होतं आणि वत्सलेलाही.

"चिदंबर," ते म्हणाले, "पाळणा आतां दर वर्षीं वत्सलाच म्हणेल. वेंकूबाईंच्या चालीनें, आणि पंखा लावायचा नाहीं. पण ती म्हणते तेव्हां मजला त्या खुर्चींत बसवूं नको. मागें, खांबाच्या आड बसेन. कोणास दिसूं नये असा."

चिदंबरराव गोंधळले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर समजूत पसरली, नेहमीचीच. अण्णांसारख्या रसिकाने एवढी कठोर शिक्षा भोगायला तयार व्हावं, आणि तीही एका गरीब बाईचं मन राखण्यासाठी! त्यांचेच डोळे पाणावले. त्यांनी वही उघडली आणि तमिळमध्ये लिहिलं. वत्सलेने उलटं वाचलं: 'वत्सला अक्का, पाळणा, कायमचा. भावम् नाही. रघोजीअण्णांना समोर बसून ऐकवत नाही.'

"ठीक आहे ना, अक्का?" त्यांनी ओशाळून विचारलं. "वाईट वाटून घेऊं नका."

वत्सलेने अण्णांकडे पाहिलं. उजव्या डोळ्यात अजून पाणी होतंच.

"बरोबर लिहिलेंत," ती म्हणाली, आणि पाळण्याची दोरी सोडवून ठेवायला आत गेली.